खाडी, चेकनाका आणि चोवीस तास

उत्तरेला वसईची खाडी, दक्षिणेला दहिसरचा चेकनाका, पश्चिमेला उत्तनची किनारपट्टी आणि पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर अशा चौकटीत वसलेले मीरा-भाईंदर हे शहर सरकारदरबारी ठाणे जिल्ह्यात मोडत असले, तरी त्याचे दैनंदिन जीवन पश्चिम रेल्वेच्या वेळापत्रकाने आणि मुंबईच्या नोकऱ्यांनी बांधलेले आहे. २००१ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख २० हजार लोकसंख्या असलेले हे शहर २०११ मध्ये ८ लाख ९ हजारांवर पोहोचले, २००२ मध्ये नगरपरिषदेची महानगरपालिका झाली, मिठागरांच्या कडेने इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या. परंतु मोठ्या आजाराला मुंबई गाठायची आणि जिल्ह्याच्या कामाला घोडबंदर रस्त्याने ठाणे गाठायचे, ही सवय वस्तीबरोबर वाढतच गेली. शहरात वैद्यकीय महाविद्यालय नव्हते, आणि जिथे वैद्यकीय महाविद्यालय नसते तिथे बहुधा सूक्ष्मजीवशास्त्राचा स्वतंत्र विभाग नसतो, विषाणूंची तपासणी करणारी प्रयोगशाळा नसते आणि ती चालवू शकणारी माणसेही शहराच्या सेवेत नसतात. २०२० च्या मार्चपर्यंत ही उणीव कोणाला फारशी जाणवलेली नव्हती, कारण रक्तशर्करा, हिमोग्लोबिन, मलेरिया, थुंकीतील क्षयजंतू एवढ्या तपासण्यांवर महापालिकेच्या दवाखान्यांचे भागत होते.

महाराष्ट्रातील पहिले कोरोनाबाधित रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. १४ मार्चला राज्याने १८९७ च्या साथरोग अधिनियमाखाली नियमावली लागू केली, २४ मार्चच्या रात्री देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली आणि तोपर्यंत उपनगरी रेल्वे थांबलेली होती. मार्च संपता संपता मीरा-भाईंदरमध्येही रुग्ण आढळू लागले. भाईंदर पश्चिमेचे भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय, ज्याला शहरात सगळे टेंभा रुग्णालय म्हणूनच ओळखतात, कोरोनाच्या रुग्णांसाठी राखून ठेवण्यात आले. खाटा, प्राणवायूच्या वाहिन्या, परिचारिकांच्या पाळ्या यांची जुळवाजुळव जिल्ह्यात सर्वत्र चालली होती तशीच इथेही झाली. परंतु दारात आलेला खोकणारा माणूस कोरोनाच्या कक्षात न्यायचा की संशयितांच्या, या पहिल्याच प्रश्नाचे उत्तर रुग्णालयाच्या आवारात मिळत नव्हते. ते उत्तर बर्फाच्या पेटीत बसून शहराबाहेर जात असे आणि जेव्हा येईल तेव्हा येत असे. महासाथीतील तपासणीची खरी गोष्ट या जाण्या-येण्याच्या वेळात दडलेली आहे, आणि यंत्रांच्या आकड्यांपेक्षा तिचाच हिशेब अधिक काळजीने मांडायला हवा.

तपासणी म्हणजे नेमके काय केले जात होते, हे आधी समजून घेणे आवश्यक आहे. कोरोनाच्या विषाणूची जनुकीय माहिती आरएनए नावाच्या रेणूत साठवलेली असते आणि तिची लांबी सुमारे ३० हजार अक्षरांची असते. चीनमधील शास्त्रज्ञांनी ही अक्षरमाला जानेवारी २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात जगापुढे ठेवली आणि काही दिवसांतच बर्लिनमधील विषाणुतज्ज्ञांच्या गटाने तिच्या आधारे तपासणीची पद्धत प्रसिद्ध केली. आरटी-पीसीआर हे त्या पद्धतीचे नाव. तिच्यात प्रथम आरएनएची डीएनएमध्ये नक्कल केली जाते आणि मग त्या डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती तापमानाच्या चढउतारांनी पुन्हा पुन्हा दुप्पट केल्या जातात. एकाचे दोन, दोनाचे चार असे ४० वेळा झाले, तर कागदावर एका रेणूपासून सुमारे १ लाख १० हजार कोटी प्रती तयार होतात. प्रत्येक आवर्तनाबरोबर चमकणारे एक रसायन त्या प्रतींना खुणावते. ती चमक यंत्राला पहिल्यांदा दिसली त्या आवर्तनाचा क्रमांक म्हणजे पुढे घरोघरी बोलला गेलेला ‘सीटी व्हॅल्यू’. हा आकडा जितका लहान, तितका नमुन्यात विषाणू अधिक. साधारण सव्वातीन आवर्तनांचा फरक म्हणजे विषाणूच्या प्रमाणात दहा पटींचा फरक.

एका रेणूपासून लाख कोटींपर्यंत जाण्याची ही क्षमता हे या पद्धतीचे बळ आहे, आणि प्रयोगशाळा उभारणाऱ्यांची झोप उडवणारी गोष्टही तीच आहे. कालच्या तपासणीत तयार झालेल्या प्रतींचा अदृश्य शिंतोडा आजच्या मिश्रणात पडला, तर निरोगी माणसाचा नमुना बाधित ठरू शकतो. म्हणून अशी प्रयोगशाळा एका मोठ्या खोलीत बसवता येत नाही. नमुने स्वीकारण्याची जागा वेगळी, नमुन्यातून आरएनए बाहेर काढण्याची वेगळी, रसायनांचे मिश्रण, म्हणजे मास्टर मिक्स, तयार करण्याची वेगळी आणि यंत्र चालवण्याची त्याहून वेगळी अशी विभागणी करावी लागते. कामाचा ओघ एकाच दिशेने राहावा लागतो आणि यंत्राच्या खोलीत गेलेला माणूस त्याच अंगरख्यावर मिश्रणाच्या खोलीत परतता कामा नये, हा दंडक पाळावा लागतो. जिवंत विषाणू असण्याची शक्यता असलेला नमुना ज्या कपाटात उघडला जातो त्या जैवसुरक्षा कपाटातील हवा अतिसूक्ष्म गाळणीतून जाते, जेणेकरून तंत्रज्ञाच्या नाकातोंडाशी काही येऊ नये. या पातळीला दुसऱ्या स्तराची जैवसुरक्षा म्हणतात, आणि निदानाच्या कामाला ती पुरेशी मानली गेली; विषाणू वाढवून त्याचा अभ्यास करायचा तर त्याहून वरच्या स्तराची प्रयोगशाळा लागते, जशी पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे आहे.

या साऱ्याला उणे ८० अंशांचे शीतकपाट, अखंड वीज, जनित्राची जोड, निर्जंतुक पाणी आणि घातक कचरा नष्ट करण्याची सोय जोडली, की एखाद्या महानगरपालिकेच्या प्रसूतिगृहाचा अर्धा मजला त्यात सहज जातो. जुन्या सरकारी इमारतीत, जिथे पावसाळ्यात भिंतींना ओल येते आणि वातानुकूलन म्हणजे खिडकीला अडकवलेली एक पेटी असते, तिथे हवेचा दाब एका खोलीत कमी आणि दुसऱ्या खोलीत जास्त ठेवणे हे स्थापत्य अभियंत्याला नव्याने शिकावे लागणारे काम होते. यंत्र पुरवठादाराकडून काही दिवसांत येऊ शकत होते. भिंती मात्र ज्याच्या त्याने बांधायच्या होत्या.

जानेवारी २०२० मध्ये भारतात कोरोनाची तपासणी करू शकणारी एकच प्रयोगशाळा होती, पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था. १९५२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी स्थापन केलेल्या या संस्थेने कीटकांपासून पसरणाऱ्या विषाणूंच्या अभ्यासाने सुरुवात केली होती. क्यासनूर जंगल ज्वराच्या विषाणूचा शोध, २००९ च्या स्वाइन फ्लूतील तपासणी, केरळातील निपाहचे निदान या टप्प्यांतून तिची माणसे तयार झालेली होती. कोरोनाच्या पहिल्या आठवड्यांत देशभरातील नमुने विमानाने पुण्यात येत. त्यानंतर विषाणू संशोधन व निदान प्रयोगशाळांचे जे जाळे आधीच विणले गेले होते, त्यातील केंद्रांना क्रमाने परवानगी मिळत गेली, आणि मुंबईत महापालिकेच्या कस्तुरबा रुग्णालयाची प्रयोगशाळा, हाफकिन संस्था, केईएम आणि जे. जे. रुग्णालय यांची नावे त्या यादीत आली. २१ मार्चला खासगी प्रयोगशाळांसाठी नियम जाहीर झाले आणि एका तपासणीची कमाल किंमत ४,५०० रुपये ठरली. २३ जूनच्या सुमारास देशातील मान्यताप्राप्त प्रयोगशाळांची संख्या १,००० झाली. एकापासून हजारापर्यंतचा हा पाच महिन्यांचा प्रवास विलक्षण होता आणि त्यात काम केलेल्या प्रत्येकाविषयी आदर वाटावा असाच तो आहे. पण हजारांच्या यादीत आपले शहर कुठे आहे, हा प्रश्न मीरा रोडच्या रहिवाशाला पडणारच होता.

मुंबईने प्रयोगशाळेची गरज पहिल्यांदा ओळखली ती प्लेगच्या साथीत, आणि हा जुना धागा इथे जोडून पाहण्यासारखा आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, तेव्हा शहराकडे तपासणीची म्हणावी अशी सोय नव्हती. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील छोट्याशा जागेत काम सुरू करून काही महिन्यांत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली आणि पुढे तिलाच हाफकिन संस्था हे नाव मिळाले. ज्या साथरोग अधिनियमाचा आधार २०२० मध्ये घेतला गेला, तोही त्याच प्लेगने जन्माला घातला. सव्वाशे वर्षांनी कायदा राज्याच्या कानाकोपऱ्यात एकाच दिवशी पोहोचला. प्रयोगशाळा मात्र बहुतांशी परळ, चिंचपोकळी, भायखळा या पट्ट्यातच राहिल्या होत्या, आणि शहर त्यांच्यापासून तीस-चाळीस किलोमीटर उत्तरेला सरकले होते.

या अंतराचा अर्थ नमुन्याच्या प्रवासातून स्पष्ट होतो. नाकाच्या मागच्या भागातून आणि घशातून कृत्रिम धाग्याच्या काडीने स्राव घेतला जातो. कापसाची साधी काडी चालत नाही, कारण तिच्यातील घटक पुढील रासायनिक क्रियेत अडथळा आणतात. ती काडी व्हीटीएम नावाच्या गुलाबी द्रवाच्या नळीत बुडवून तोडली जाते. हा द्रव विषाणूला टिकवून ठेवतो आणि त्यातील प्रतिजैविके इतर जंतूंची वाढ रोखतात. नळीवर नाव व क्रमांक लिहिला जातो, ती तीन आवरणांत बांधली जाते आणि २ ते ८ अंश तापमानाच्या पेटीत ठेवली जाते. लसीकरणाच्या कामामुळे आरोग्यसेविकांना शीतसाखळी हा शब्द आणि त्यामागची शिस्त दोन्ही परिचित होती, आणि या अनुभवाचा उपयोग महासाथीत किती झाला याची नोंद पुरेशी घेतली गेलेली नाही. सकाळी घेतलेले नमुने एक-एक करून पाठवणे शक्य नसते. दुपारपर्यंत सर्व केंद्रांवरचे नमुने गोळा होतात, यादीशी ताडले जातात आणि मग गाडी निघते. प्रयोगशाळेत त्या गाडीच्या आधी इतर शहरांच्या गाड्या आलेल्या असतात. ९६ खाचांच्या एका पट्टीत दोन खाचा नियंत्रण नमुन्यांना सोडल्या तर ९४ जणांची तपासणी एका वेळी होते. हाताने आरएनए काढायला दोन-तीन तास आणि यंत्राच्या फेरीला, म्हणजे तंत्रज्ञांच्या भाषेतील एका ‘रन’ला, दीड-दोन तास लागतात. म्हणजे प्रत्यक्ष तपासणी अर्ध्या दिवसाची. चोवीस तासांत अहवाल मिळावा, ही अपेक्षा सरकारी पत्रकांतून वारंवार व्यक्त होत असे, आणि या हिशेबाने ती अवास्तवही नव्हती. उरलेले तास, आणि रुग्णसंख्या वाढली तेव्हा उरलेले दिवस, गाडीत, रांगेत आणि कागदात जात होते.

कागदाचा भाग किरकोळ समजला जातो, पण तो तसा नव्हता. प्रत्येक नमुन्याबरोबर एक विनंतीपत्र भरावे लागे. त्यात नाव, वय, पत्ता, भ्रमणध्वनी, लक्षणे, प्रवास, संपर्क यांची माहिती असे आणि त्यावरून राष्ट्रीय नोंदणीत एक ओळख क्रमांक तयार होई. एप्रिल २०२० च्या अखेरीपासून हे काम मोबाइलवर करण्याची सोय झाली. परंतु उष्म्यात, संरक्षक पोशाखात, दोन हातमोज्यांच्या आतून फोनच्या पडद्यावर देवनागरी आडनावाचे रोमन स्पेलिंग टिपणाऱ्या माणसाच्या हातून एक अक्षर चुकले, की अहवाल तयार असूनही तो रुग्णाशी जुळत नसे. मीरा-भाईंदरमधील बाधिताचा पत्ता मुंबईच्या पिनकोडावर नोंदला गेला, की त्याची गणना एका महापालिकेत आणि त्याच्या कुटुंबाचे विलगीकरण दुसऱ्या महापालिकेत अशी विभागणी होण्याचा धोका असे. दहिसरच्या नाक्याच्या दोन्ही बाजूंना एकसारख्याच इमारती आहेत. विषाणूला तो नाका ठाऊक नव्हता, नोंदवहीला मात्र होता.

माणसांचा प्रश्न याहून अवघड होता. आरएनए काढण्याचे काम म्हणजे अगदी थोडेसे द्रव सूक्ष्मनलिकेने शेकडो वेळा अचूक उचलणे आणि सोडणे. ते शिकवायला काही दिवस पुरतात, पण त्या हाताला भरवसा यायला आठवडे लागतात. म्हणून नव्या प्रयोगशाळांना मार्गदर्शक संस्था नेमून देण्यात आल्या आणि सुरुवातीचे निकाल मान्यताप्राप्त केंद्राकडून पडताळून घेण्याची पद्धत ठेवण्यात आली. ज्या शहरात सूक्ष्मजीवशास्त्राचे पदवीधर महापालिकेच्या आस्थापनेवर नाहीत, तिथे ही माणसे कंत्राटाने आणावी लागतात, आणि साथीत त्याच माणसांना सगळीकडून बोलावणे येते. यातली एक गोष्ट मनाला चुटपुट लावणारी आहे. मुंबईतील रुग्णालयांत काम करणाऱ्या परिचारिका, तंत्रज्ञ आणि सफाई कामगार यांच्यापैकी पुष्कळ जण घरभाड्याच्या हिशेबाने मीरा रोड, भाईंदर, नालासोपारा, विरार इथे राहतात. लोकल बंद असताना ही माणसे एसटी आणि बेस्टच्या गाड्यांनी, दोन-दोन तास उभ्याने प्रवास करून कामावर जात. मीरा-भाईंदरचा नमुना ज्या रस्त्याने परळकडे जात होता, त्याच रस्त्याने त्याची तपासणी करू शकणारा हातही रोज सकाळी जात होता.

शेजारच्या महापालिकांनी या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरे शोधली. नवी मुंबई महानगरपालिकेने आयुक्त अभिजित बांगर यांच्या कारकिर्दीत नेरूळच्या माता-बाल रुग्णालयात दिवसाला १,००० तपासण्यांच्या क्षमतेची स्वतःची आरटी-पीसीआर प्रयोगशाळा अवघ्या ११ दिवसांत उभी केली आणि ऑगस्ट २०२० मध्ये ती सुरू झाली. कल्याण-डोंबिवलीने गौरीपाडा येथे खासगी भागीदारीचा मार्ग धरला. अकरा दिवसांचा हा आकडा कौतुकाने सांगितला जातो आणि तो कौतुकास्पदच आहे, परंतु त्यातील खरा धडा वेगाचा नाही. अकरा दिवसांत जी गोष्ट होऊ शकते ती मार्चमध्येही होऊ शकली असती, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे साथ येण्याआधीच्या कोणत्याही वर्षी, निवांतपणे, अधिक चांगल्या रीतीने होऊ शकली असती. निधीची अडचण निर्विवाद होती. पण मार्चमध्येच केंद्राने राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून तपासणीच्या प्रयोगशाळांवर खर्च करण्यास मुभा दिली होती. नव्हती ती सवय. महापालिकेच्या अंदाजपत्रकात रस्ता, गटार, उद्यान आणि सभागृह यांना जसे शीर्षक असते तसे प्रयोगशाळेला नसते, कारण प्रयोगशाळेचे उद्घाटन झाल्यावर नागरिकाला तिथे जाऊन पाहण्यासारखे काही नसते.

तपासणीच्या साहित्याचा तुटवडा हा पहिल्या काही महिन्यांचा मोठा अडसर होता आणि तो दूर करण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. सुरुवातीला लागणारी रसायने परदेशातून येत होती. पुण्याच्या मायलॅब या कंपनीच्या संचाला २३ मार्च २०२० रोजी मान्यता मिळाली. देशात तयार झालेला तो पहिला मान्यताप्राप्त संच होता आणि त्यामागील संशोधनाचे नेतृत्व करणाऱ्या मीनल दाखवे-भोसले यांनी प्रसूतीच्या आदल्या दिवशी तो तपासणीसाठी सादर केला होता. गोव्याच्या मोलबायो कंपनीचे ट्रुनॅट हे छोटे यंत्र मुळात क्षयरोगाच्या निदानासाठी बनवलेले होते. बॅटरीवर चालणारे आणि तालुक्याच्या रुग्णालयातही ठेवता येणारे हे यंत्र एप्रिल २०२० पासून कोरोनासाठी वापरता येऊ लागले. एका वेळी थोडेच नमुने घेत असले, तरी तास-दोन तासांत उत्तर देत असल्यामुळे प्रसूतीसाठी वा तातडीच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या रुग्णांच्या बाबतीत त्याचे मोल मोठ्या यंत्रांहून अधिक होते. दुसऱ्या टोकाला, २७ जुलै २०२० रोजी मुंबईतील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत दिवसाला १० हजारांहून अधिक नमुने तपासण्याची स्वयंचलित सोय सुरू झाली. दोन्हींची गरज होती. पण एका शहराच्या दृष्टीने पाहिले, तर दूरच्या मोठ्या यंत्रापेक्षा जवळचे छोटे यंत्र बहुधा जास्त उपयोगी ठरते.

जून २०२० च्या मध्यापासून रॅपिड अँटिजेन चाचणी आली आणि तिने अंतराचा प्रश्न वेगळ्याच बाजूने सोडवला. या चाचणीत विषाणूचे जनुक न शोधता त्याचे प्रथिन शोधले जाते. गर्भधारणेच्या चाचणीसारखी एक पट्टी, त्यावर तीन-चार थेंब आणि पंधरा ते तीस मिनिटांत रेघ. प्रयोगशाळा लागत नाही, शीतपेटी लागत नाही, गाडी लागत नाही. मात्र मान्यतेच्या वेळी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने जे आकडे दिले त्यांनुसार तिची संवेदनशीलता, म्हणजे खऱ्या बाधितांपैकी किती जणांना ती ओळखते याचे प्रमाण, ५०.६ ते ८४ टक्के एवढेच होते. विशिष्टता, म्हणजे निरोगी माणसाला निरोगी ठरवण्याचे प्रमाण, ९९ टक्क्यांहून अधिक होते. याचा व्यवहारातील अर्थ असा की रेघ उमटली तर विश्वास ठेवावा, न उमटली तर लक्षणे असलेल्याची आरटी-पीसीआर करावीच. हा दुसरा अर्धा नियम सर्वत्र सारख्या काटेकोरपणे पाळला गेला असे म्हणता येत नाही. ज्या शहरांना स्वतःची प्रयोगशाळा नव्हती त्यांना तो पाळणे अधिक जड गेले असणार, कारण निगेटिव्ह रेघेनंतर पुन्हा तीच पेटी, तीच गाडी आणि तीच रांग होती, आणि हातावर पोट असलेल्या माणसाला ‘काही नाही’ हे उत्तर हवेच असते.

नमुने एकत्र करून तपासण्याची युक्तीही या काळात आली. पाच जणांचे नमुने एकत्र मिसळून एकदाच तपासायचे आणि निकाल निगेटिव्ह आला तर पाचही जण मोकळे, ही ती पद्धत. परंतु परिषदेच्या १३ एप्रिल २०२० च्या मार्गदर्शक सूचनेनुसार ती मुख्यतः बाधितांचे प्रमाण २ टक्क्यांपेक्षा कमी असलेल्या भागासाठी होती आणि ५ टक्क्यांच्या वर तिचा उपयोग करू नये असे बजावलेले होते, कारण जवळपास प्रत्येक गट पॉझिटिव्ह येऊ लागला की सगळे नमुने पुन्हा स्वतंत्र तपासावे लागतात. मुंबई महानगर प्रदेशातील दाट वस्तीच्या शहरांना, जिथे त्या उन्हाळ्यात बाधितांचे प्रमाण या मर्यादेच्या कितीतरी वर होते, ही काटकसर परवडणारी नव्हती. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात तर मीरा-भाईंदरमध्ये पुन्हा कडक टाळेबंदी लावावी लागली.

किमती उतरत गेल्या ही समाधानाची बाब. राज्य सरकारने जून २०२० मध्ये खासगी तपासणीचा दर २,२०० रुपयांवर आणला, सप्टेंबरमध्ये १,२००, ऑक्टोबरमध्ये ९८० आणि ३१ मार्च २०२१ रोजी ५०० रुपये केला. मार्च २०२० च्या ४,५०० रुपयांवरून एका वर्षात दर नवव्या हिश्शावर आला आणि तरीही प्रयोगशाळा चालू राहिल्या.

एप्रिल २०२१ ची दुसरी लाट मात्र सगळ्या हिशेबांपलीकडची होती. १८ एप्रिलला राज्यात एका दिवसात ६८ हजारांहून अधिक बाधित नोंदले गेले. प्रयोगशाळांची संख्या आता पुरेशी होती, पण त्यांतील माणसेही आजारी पडत होती आणि अहवालाला पुन्हा दोन-तीन दिवस, कधी त्याहून जास्त लागू लागले. त्या दिवसांत अहवालाविना खाट मिळणे कठीण आणि खाटेविना प्राणवायू कठीण, अशी साखळी कित्येक कुटुंबांनी अनुभवली. जी तपासणी उपचाराचे दार उघडण्यासाठी होती, तिचाच कागद दारावरचे कुलूप झाला. हे कोणा एका माणसाचे पाप नव्हते, पण त्याची वेदना सौम्य शब्दांत सांगून भागणार नाही. अखेर ४ मे २०२१ रोजी परिषदेला प्रयोगशाळांवरील ताण हलका करण्यासाठी, एकदा बाधित ठरलेल्याची पुन्हा तपासणी करू नये, बरे होऊन घरी जाताना तपासणीची गरज नाही, असे सांगणारी सूचना काढावी लागली, आणि त्याच महिन्यात घरी करता येणाऱ्या चाचणीलाही मान्यता मिळाली. सीटी व्हॅल्यूवरून बाधित ठरवण्याची सीमा ३५ वरून २४ वर आणता येईल का, अशी विचारणा महाराष्ट्राने केली होती. परिषदेने ती मान्य केली नाही, आणि ते योग्यच झाले, कारण हा आकडा काडी किती खोल गेली, आजाराचा कोणता दिवस होता आणि नळी उन्हात किती वेळ राहिली यांवरही अवलंबून असतो. विषाणूच्या प्रमाणाबरोबर त्या नमुन्याच्या प्रवासाचाही ठसा त्यात उमटतो.

आरटी-पीसीआरच्या झगमगाटात रुग्णालयाच्या नेहमीच्या प्रयोगशाळेकडे दुर्लक्ष झाले, याचीही नोंद व्हायला हवी. दाखल झालेल्या रुग्णाचे पुढे काय होणार हे ठरत होते सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन या रक्ततपासण्यांवरून. पहिली शरीरातील दाह सांगते, दुसरी रक्तात गुठळ्या होत असल्याचा इशारा देते, तिसरीही दाहाची तीव्रता दाखवते. धमनीतील रक्तातल्या वायूंचे मापन तर काही मिनिटांत, रुग्णाच्या खाटेजवळच व्हावे लागते. स्टिरॉइड केव्हा सुरू करायचे, रक्त पातळ करणारे औषध किती द्यायचे, मधुमेही रुग्णाची साखर त्या स्टिरॉइडने किती चढली, हे निर्णय दिवसातून दोनदा घ्यावे लागत. तिथे रक्त घेणारा, नळ्या फिरवणारा आणि रात्रपाळीला आकडे टिपणारा तंत्रज्ञ कुठल्याही छायाचित्रात दिसला नाही. साखरेकडे वेळीच लक्ष न गेल्याची किंमत २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसच्या रूपाने किती जणांनी मोजली, हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे.

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. साथीत उभ्या राहिलेल्या यंत्रांचे पुढे काय, हा प्रश्न तेव्हापासून देशभरातील रुग्णालयांपुढे आहे. पीसीआर यंत्राला विषाणू कोणता याने फरक पडत नाही; रसायनांचा संच बदलला की तेच यंत्र एच१एन१, डेंग्यू, क्षयाच्या जंतूचा औषधाला असलेला प्रतिरोध, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणारा एचपीव्ही यांची तपासणी करू शकते. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आयुष्मान भारत आरोग्य पायाभूत सुविधा अभियानात प्रत्येक जिल्ह्यात एकात्मिक सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा उभारण्याची तरतूद आहे, आणि ग्रामीण जिल्ह्यांसाठी ती मोलाची ठरेल. पण जिल्हा हे एकक मीरा-भाईंदरला लागू पडत नाही. ठाणे जिल्ह्यात सहा महानगरपालिका आहेत, त्यांतील प्रत्येक शहर देशातल्या कित्येक जिल्हा मुख्यालयांहून मोठे आहे, आणि जिल्ह्याची एक प्रयोगशाळा ठाण्यात असली तर भाईंदरच्या नमुन्याला घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या चढावरील अवजड वाहनांच्या रांगेत थांबावेच लागते.

दर पावसाळ्यात शहरात ताप येतो. मिठागरांच्या आणि बांधकामांच्या साचलेल्या पाण्यावर डास होतात, सखल भागात गुडघाभर पाण्यातून चालत गेलेल्यांना लेप्टोस्पायरोसिसची शंका घेऊन तपासावे लागते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये सर्दी-खोकल्याने आलेल्या मुलाला साधा फ्लू आहे की आणखी काही, हे डॉक्टरांना पहिल्या दोन दिवसांत कळायला हवे असते. त्या दोन दिवसांतले किती तास रुग्णाला मिळतात आणि किती रस्त्याला, हे पाहण्यासाठी महापालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात एक नोंदवही पुरेशी आहे: नमुना किती वाजता घेतला, गाडी किती वाजता निघाली, अहवाल किती वाजता डॉक्टरांच्या हाती आला. तीन रकान्यांची ती वही ठेवायला यंत्र लागत नाही, निविदा लागत नाही, आणि साथ येण्याची वाटही पाहावी लागत नाही.